पिकअपचा मोकळा श्वास

...आणि वर मला म्हणतो काय, तर "साहेब, गाडीला जरा मोकळा श्वास घेऊ द्या!" मोकळा श्वास! अहो, गाडीनं घेतला मोकळा श्वास आणि माझा जो कोंडला तो अजून कोंडलेलाच आहे! हसताय? हसा, हसा. सगळी गल्ली हसून झाली, तुम्हीच तेवढे राहिला होतात. लाज वाटते सांगायला, पण सांगतो.

तर माझी एक पिकअप आहे. पांढरी, साधी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. धंदा म्हणाल तर बाथरूमचं सामान पोचवायचं. कमोड, बेसिन, फ्लशच्या टाक्या. लोकांच्या नव्या घरात सगळ्यात आधी मी जातो आणि घरभरणीला मला कुणीही बोलवत नाही, ते जाऊ दे, तो वेगळा विषय. तर गोदामाकडे जाताना एक चढ लागतो. एक दिवस गाडीत नऊ कमोड, मी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन नुसतं कण्हतंय, जेमतेम अर्धा चढ झालाय... आणि मागून हॉर्न! बघतो तर कोण? साडू!

आता तुम्हाला सांगतो, माणसानं कुणाकडूनही हार खावी. शेजाऱ्याकडून खावी, सख्ख्या भावाकडून खावी, पण साडूकडून? एका घरचे दोन जावई आम्ही! सासूबाई आम्हाला एका तराजूत घालणार आणि माझं पारडं बारा महिने वर! त्यात आमच्या गाड्यासुद्धा सारख्या, एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या. आणि तो आपला माझ्या बाजूनं सुंईकन गेला, धाड धाड आवाज करत, जाता जाता काच खाली करून ओरडला, "साडूभाऊ, ढकलायला येऊ का?" अहो, मागे नऊच्या नऊ कमोड आ वासून बघत होते माझ्याकडे!

मी फोन केला. नको होता करायला, केला. "काय केलंस रे गाडीला?" तर म्हणाला, "डॉक्टरकडे जा."

हा डॉक्टर म्हणजे मेकॅनिक हो! गळ्यात एक रबरी नळी घालतो, तिचं एक टोक इंजिनाला लावतो, दुसरं कानाला, डोळे मिटतो, आणि असा काही चेहरा करतो की आपल्याला वाटावं आता नातेवाइकांना बोलवायला सांगणार. तर त्यानं ऐकलं माझ्या इंजिनाचं. मग म्हणाला, "साहेब, कंपनीनं तुमच्या गाडीच्या नाकातोंडात बोळे कोंबलेत बोळे! हा सायलेन्सर म्हणजे तोंडावर दाबलेली उशी! ही धूर गाळायची जाळी म्हणजे नाकाला लावलेला चिमटा! काढून टाकू, सरळ नळी घालू, मोकळा श्वास घेऊ द्या!" मी म्हटलं, "आणि ते सेन्सर का काय ते?" तर हसला. म्हणाला, "तो तर घरभेदी! धुराच्या नळीत नाक खुपसून बसतो आणि जरा काही वेगळं दिसलं की इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे चहाड्या करतो. मग कॉम्प्युटर लगेच डिझेल आवळतो. त्याची वायर काढायची आणि त्या जागी ही बसवायची." आणि त्यानं नखाएवढी एक काळी डबी दाखवली. "ही काय करते?" "काही नाही करत. दिवसभर कॉम्प्युटरला सांगत बसते, सगळं छान आहे, सगळं छान आहे!"

मला ती डबी इतकी आवडली हो! माझा स्वभावच तसा. मी म्हटलं बसव. आणि मग डॅशबोर्डवर इंजिनाचा तो पिवळा दिवा लागला तो विझेचना, तेव्हा डॉक्टरनं काय केलं माहितेय? त्यावर काळी पट्टी चिकटवली! म्हणाला, "झालं बरं." मीही म्हटलं, झालं बरं!

आता इथे तुम्हाला माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढची फजिती कळायची नाही. लाज वाटते सांगायला, पण सांगतो.

आप्पा छापखान्यात प्रूफं तपासायचे. छत्तीस वर्षं. जगाच्या चुका शोधून शोधून लाल शाईच्या किती बाटल्या संपवल्या असतील देव जाणे. मग काचबिंदू झाला आणि नजर गेली. आता उजेड कुठे आणि अंधार कुठे, एवढंच कळतं. नजर गेल्यावर माणूस खचला हो. सारखं म्हणायचे, "माझा आता घराला काय उपयोग?" आणि मग त्यांनीच स्वतःला एक काम शोधून काढलं. फाटक! आमचं फाटक लोखंडी, जड, सरकवायचं. संध्याकाळी साडेसहाला आप्पा पायरीपाशी खुर्ची टाकून बसणार. माझ्या सायलेन्सरला एकदा दगड लागून पोचा आला होता, त्यावर ठिगळ मारलेलं, त्यामुळे गाडी हळू झाली की ती टुक टुक टुक करायची आणि शेवटी एक बारीक फुस्स. एवढाच आवाज. तो कोपऱ्यावर आला की आप्पा उठणार, भिंतीला हात लावून एकोणीस पावलं चालणार, कडी उघडणार, फाटक सरकवणार आणि मी न थांबता आत! चार वर्षांत एकदाही मला ब्रेक दाबावा लागला नाही. बायको एकदा मदतीला गेली तर म्हणाले, "सूनबाई, हे माझं खातं आहे."

कळलं ना पुढे काय झालं असेल? मला नाही कळलं! सायलेन्सर काढून घेताना डोक्यात हे आलंच नाही! डोक्यात कोण? साडू!

तर मी आलो त्या संध्याकाळी, साडेसहाला, छाती फुगवून. कोपरा वळलो. धाड! धाड! फाट! इस्त्रीवाल्या बाईंच्या हातातली इस्त्री निसटली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, माझ्याच गाडीतली बेसिनं एकमेकांवर आपटून किणकिणली, आणि मागे धूर असा की समोरच्या बाईंनी वाळत घातलेली पांढरी चादर मला आरशात दिसेनाशी झाली. आणि आप्पा? आप्पा उठलेच नाहीत! बसल्या जागी काठी उगारली आणि ओरडले, "ए! कोण आहे रे तो उनाड? घरी बाप आहे की नाही तुला?"

आता काय उत्तर देणार मी? आहे म्हणू? समोरच बसलाय म्हणू?

खरं तर तिथंच उतरून पाय धरायला हवे होते. दोन मिनिटांची गोष्ट होती. पण मी गाडी मागे घेतली... धाड धाड करत मागे घेतली... दोन गल्ल्या पलीकडे लाकडाच्या वखारीमागे लावली आणि चालत घरी आलो. आप्पा म्हणाले, "चालत? गाडी कुठाय?" मी म्हटलं, "दुरुस्तीला टाकलीय." "काय झालं?" "काही नाही, सगळं छान आहे." तर म्हणाले, "आत्ता एक उनाड आला होता बघ फाटकाशी. दिसला का तुला?" आणि मी म्हटलं, "हो." हो म्हटलं हो मी! आप्पा म्हणाले, "कसा होता रे?" आणि मी वर्णन केलं! केस मानेपर्यंत, म्हटलं. कानात बाळी, म्हटलं. शर्टाची वरची तीन बटणं उघडी! आप्पांनी मान हलवली आणि म्हणाले, "असली पोरं. आईबापाला काय वाटत असेल." बायको दारात उभी होती. तिनं माझ्या शर्टाच्या बटणांकडे बघितलं, आणि आत गेली. नंतर म्हणाली, "अहो, मी खोटं बोलणार नाही. त्यांनी विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर तुमचं तुम्ही बघा."

मला वाटलं, चार दिवसांत काहीतरी करू. लाज वाटते सांगायला, पण सांगतो... पाच आठवडे! पाच आठवडे मी वखारीमागे गाडी लावून चालत घरी येत होतो! आणि चढावर विचाराल तर गाडी होती तिथंच! आवाज विमानाचा, चाल म्हशीची! डिझेल मात्र ढसाढसा पीत होती. आणि रोज संध्याकाळी कोपऱ्यावरून वळलो की काय दिसायचं? आप्पा खुर्चीवर बसलेले. साडेसहाला. गाडी दुरुस्तीला आहे हे माहीत असून. कान कोपऱ्याकडे. मी म्हणायचो, "आप्पा, आत बसा की, फाटकाचं आज काम नाही." तर म्हणायचे, "असू दे. सवय मोडायला नको." अहो, मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यात तो उनाड त्यांना रोज ऐकू येणार! वखार काय लांब आहे? एक दिवस मला म्हणतात, "मी वेळ बघतोय त्याची. रोज सकाळी तू घरातून निघालास की बरोब्बर पाच मिनिटांनी तो सुरू होतो. तुझी त्याची चुकामूक होते, नाहीतर तू नक्की कानफटात दिली असतीस." मी म्हटलं, "दिली असती." म्हणाले, "समोरच्या नर्सबाई रात्रपाळी करून येतात बिचाऱ्या, जरा डोळा लागतो आणि हा सुरू. आपण गप्प बसायचं? कागद घे. लिही."

लिही! माझ्याविरुद्धची तक्रार, माझ्या बापानं सांगितलेली, माझ्या अक्षरात! वाहतूक शाखेच्या साहेबांना! "महोदय, स्वल्पविराम. आमच्या वस्तीत एक अज्ञात उनाड इसम..." मी लिहितोय. "स्वल्पविराम दिलास?" "दिला." "वाच." मी वाचतोय, एक अज्ञात उनाड इसम. "पुढे लिही. ज्यास इतरांच्या झोपेची, प्रकृतीची व स्वतःच्या घराण्याच्या अब्रूची यत्किंचितही चाड नाही. यत्किंचितही खाली रेघ मार." मारली! पट्टी घेऊन मारली! मग म्हणाले, "आता शेजाऱ्यांच्या सह्या आण."

तुम्ही कधी स्वतःविरुद्ध सह्या गोळा केल्यात? दारोदार? आणि सगळ्या गल्लीला ठाऊक आहे उनाड कोण ते! इस्त्रीवाल्या बाईंनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागद वाचला आणि म्हणाल्या, "दादा, अक्षर छान आहे तुमचं." शिंप्याकडे गेलो तर तो तोंडातला दोरा काढून म्हणतो, "आवाज बंद करायला सह्या कशाला लागतात? पाना लागतो." नर्सबाईंनी दार उघडलं. डोळे लाल. सही केली, आणि मग एवढंच म्हणाल्या, "आप्पा माझ्या रिकाम्या सिलिंडरचा आवाज ओळखून सूनबाईला सांगतात हो, की नर्सबाईंना विचार, गॅस संपला वाटतं. म्हणून गप्प आहोत आम्ही सगळे. त्यांना कळलं तर त्यांना किती वाईट वाटेल?" तेरा सह्या झाल्या. तेराही माणसांना माहीत, आणि तेराही जण आप्पांसाठी गप्प. आणि मी घरी येऊन आप्पांना सांगतोय, "सगळं छान झालं." ती नखाएवढी काळी डबी आठवतेय ना? ती डॉक्टरनं गाडीत नाही, माझ्यात बसवली होती.

पत्र मी कपाटात ठेवलं. म्हटलं, साहेब रजेवर आहेत. आप्पा रोज विचारणार, "आले का साहेब?" मी रोज म्हणणार, "नाही आले." शेवटी आप्पा म्हणाले, "आजारी असतील. चौकशी कर, बिचाऱ्याला काही झालं नसेल ना?" तेव्हा मी ठरवलं, आता बास, उद्या जायचं आणि जुना सायलेन्सर परत लावून घ्यायचा. पण नशीब बघा!

त्याच संध्याकाळी मी वखारीमागून चालत येतोय, हातात डबा. कोपऱ्यावर आलो, आणि मागून आवाज आला... टुक टुक टुक. मी जागच्या जागी थिजलो. माझी गाडी! माझा आवाज! पण माझी गाडी तर मी आत्ता कुलूप लावून आलो, मग ही कोण चालवतंय? पांढरी पिकअप माझ्या बाजूनं गेली, हळू झाली, आणि फुस्स!

आणि आप्पा उठले.

अहो, ते उठणं मी विसरणार नाही. पाच आठवड्यांनी उठले. खुर्ची मागे पडली, त्यांनी काठीसुद्धा घेतली नाही. भिंतीला हात लावून एकोणीस पावलं, जवळजवळ पळत. चेहरा असा फुललेला! कडी काढली, दोन्ही हातांनी फाटक सरकवलं आणि म्हणाले, "आलास? किती दिवस लावले रे त्या गॅरेजवाल्यानं!"

गाडी आत गेली, दार उघडलं, आणि उतरला कोण? साडू! "आप्पा, मी हो, धाकट्या बहिणीला भेट म्हणून हिनं डबे पाठवलेत." आप्पा बॉनेटवर हात ठेवून उभे. म्हणाले, "पण आवाज याचा आहे." याचा म्हणजे माझा! आणि साडूच्या पोटात काही राहतं का? कधीच नाही! तो सगळं ओकला. म्हणाला, "त्याचाच सायलेन्सर आहे आप्पा! आम्ही दोघांनी काढले होते ना, धूमधडाम नळ्या लावल्या. माझ्या बायकोनं सांगितलं, ही गाडी दारात आली तर मी दारातून जाईन. पण माझा सायलेन्सर भंगारात गेलेला. मग डॉक्टर म्हणाला, हा पडलाय, तुमच्या साडूचाच आहे, घरातल्या घरात राहील! का? तुम्हाला माहीत नव्हतं? त्याची गाडी कसली वाजते, बापरे, दोन गल्ल्या हलतात!"

मी फाटकाबाहेर उभा. आप्पांच्या चेहऱ्यावरचं ते फुललेलं हळूहळू गेलं, आणि मी ते जाताना बघितलं. रागावले असते तर काहीतरी बोलता आलं असतं. मग माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, "फाटकाशी उभा आहेस तो आत ये." मी आत गेलो. म्हणाले, "पत्र आण."

मी पत्र आणलं. "वाच." वाचलं. "अज्ञात उनाड इसम" इथपर्यंत आलो आणि त्यांनी हात वर केला. "थांब. चूक आहे तिथे. अज्ञात काढ. ज्ञात आहे. तिथे नाव घाल, पूर्ण, वडिलांच्या नावासकट." मी लिहिलं. म्हटलं, "आणि उनाड?" "ते राहू दे," म्हणाले, "ते बरोबर आहे."

आणि तुम्हाला वाटेल, संपलं? दुसऱ्या दिवशी ते पत्र घेऊन मलाच जायचं होतं! कारकून विचारतो, "तक्रारदार कोण?" मी म्हटलं, "वडील." "तक्रार कुणाविरुद्ध?" "माझ्याविरुद्ध." "आणि पत्र घेऊन कोण आलंय?" "मीच." त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाला, "बसा, पाणी घ्या." मग दंडाची पावती फाडली ती वेगळी.

तिथून डॉक्टरकडे. म्हटलं, ती डबी काढ, खरा सेन्सर लाव, जाळी लाव, सगळं होतं तसं कर. साडू सायलेन्सर देईना, म्हणतो, "साडूभाऊ, आता माझ्या गाडीला त्याची सवय झालीय." मग नवा बसवला. आणि सगळं बसवता बसवता डॉक्टरनं हवेच्या फिल्टरचा डबा उघडला, आत हात घातला, आणि बाहेर काय काढलं? आमच्या घरातलं पिवळं फडकं! पुसायला म्हणून मीच घातलं होतं आणि आतच विसरलो होतो! बायको कधीपासून शोधत होती ते! बोळा होता हो नाकात, खराच होता, पण कंपनीचा नव्हता, माझा होता! फडकं काढलं आणि गाडी त्या चढावर अशी गेली म्हणून सांगू! नऊ कमोड घेऊन! मधे साडू लागला, त्याला मागे टाकला. पण वळून बघितलं नाही. कुठल्या तोंडानं बघणार?

आता घरी येतो साडेसहाला. नवा सायलेन्सर, काही म्हणजे काही आवाज नाही. आप्पा खुर्चीवर असतात, पण उठत नाहीत. मी म्हटलं, "आप्पा, तो जुना मी साडूकडून भांडून आणतो." तर म्हणाले, "नको. नवीन मजकूर पहिल्यांदा हातात आला की वेळ लागतोच. मी शिकेन तुझा आवाज. घाई करू नकोस." आणि साडू हल्ली रोज काहीतरी निमित्त काढून येतो, मुद्दाम! टुक टुक, फुस्स! त्याला फाटक उघडून मिळतं! माझ्या घरात! माझ्या बापाकडून!

आणि मी रोज फाटकाशी ब्रेक दाबतो, खाली उतरतो, ते जड फाटक स्वतः ढकलतो. आप्पा खुर्चीवरून विचारतात, "कोण आहे?"

मी म्हणतो, "मी."

"मी कोण?"

लाज वाटते सांगायला, पण सांगतो. रोज सांगतो.

"पत्रातला, आप्पा."

"हं. ये. कडी नीट लाव."